वाचकांचे प्रश्न : ओघवते बोलणे, परीक्षकाचा कान आणि संगणकाचे मोजमाप

मुलांच्या वाचनाची आणि बोलण्याची परीक्षा घेताना संगणकाची मदत घ्यावी का, या विषयावर या महिन्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली की बाकीचे विषय पुढे ढकलून हे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग शिकवते. मुलांचे वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि वेग संगणकाकडून काढून घ्यावा, असे आमच्याकडे बोलले जात आहे. एकेका मुलाला समोर बसवून, घड्याळ लावून ऐकण्यात माझे दोन-तीन दिवस जातात हे खरे आहे. पण मी जे ऐकते ते यंत्र ऐकेल का? (कोरेगाव)

उत्तर : आपण विचारलेला प्रकार या सगळ्या विषयातला त्यातल्या त्यात सोपा आहे, कारण मूल काय वाचणार आहे ते यंत्राला आधीच ठाऊक असते. समोरचा उतारा ठरलेला असल्यामुळे यंत्राला फक्त ध्वनी आणि मजकूर यांची जुळणी करायची असते आणि मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द मोजायचे असतात. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत असे उद्दिष्ट ठेवलेले आहे, त्यामुळे ही मोजणी आता प्रत्येक शिक्षकाच्या दारात आलेली आहे. आयआयटी मुंबईत प्रा. प्रीती राव यांच्या गटाने ‘तारा’ नावाची प्रणाली याच कामासाठी विकसित केली. ती शब्द तर मोजतेच, शिवाय वाचनातला चढउतार आणि योग्य ठिकाणी थांबणे यांचाही अंदाज घेते.

मात्र उद्दिष्टातले ‘समजून’ हे पद मोजणीत मावत नाही. एक मुलगी ‘विहिरीवर’ हा शब्द ‘विहि… विहिरी… विहिरीवर’ असा तीन टप्प्यांत वाचते. यंत्राच्या लेखी तिने दोन-अडीच सेकंद घालवले. आपण समोर बसलेल्या असता तेव्हा आपल्याला दिसते की तिने आधी ‘विहीर’ ओळखली, मग पुढचा प्रत्यय जोडला आणि स्वतःची चूक स्वतःच सावरली. वाचायला शिकण्याच्या वाटेवर ही मुलगी कुठवर आली आहे, हे त्या अडीच सेकंदांत सापडते. शेजारचा मुलगा चित्राकडे पाहून अंदाजाने शब्द ठोकत जातो आणि साठ शब्दांचा टप्पा ओलांडतो. म्हणून माझी सूचना अशी की साऱ्या वर्गाची मोजणी यंत्राला करू द्यावी आणि वाचलेले दोन दिवस, ज्या मुलांचा आकडा पाहून आपल्याला आश्चर्य वाटले त्यांच्याजवळ बसण्यात घालवावेत. आकडा अपेक्षेपेक्षा कमी आलेली मुले तर ऐकावीतच, पण अनपेक्षितपणे जास्त आलेलीही ऐकावीत. ती सहसा कोणी ऐकत नाही.

प्रश्न : मी नोकरीच्या मुलाखतींची तयारी करतो. इंग्रजी भरभर बोलतो, कुठे फारसे अडत नाही, तरी दोन ठिकाणी ‘फ्लुएन्सी कमी’ असा शेरा मिळाला. एका ठिकाणी माणूस होता, दुसऱ्या ठिकाणी फक्त संगणक. दोघांनाही एकच गोष्ट कशी खटकली? (मिरज)

उत्तर : वेग आणि ओघ यांत आपण गल्लत करत असावात, असे आपल्या पत्रावरून वाटते. ‘अस्खलित’ हा आपल्याकडचा रूढ शब्दही या बाबतीत थोडा फसवा आहे, कारण कधीही न अडखळणारा माणूस जगात नाही आणि उत्तम वक्तेही मिनिटाला कितीतरी वेळा थांबतात. ते कुठे थांबतात याला महत्त्व असते. एक हिशेब मांडून दाखवतो, आणि तो मराठीत मांडतो म्हणजे कानाला पटेल.

दोन विद्यार्थ्यांना ‘आमच्या गावची यात्रा’ या विषयावर एक मिनिट बोलायला सांगितले असे धरा. दोघांनीही ६० सेकंदांत १६८ अक्षरे (लिहिलेली नव्हेत, कानाला ऐकू येणारी) उच्चारली आणि दोघेही एकूण १८ सेकंद गप्प होते. गप्प वेळ धरून दोघांचा वेग सेकंदाला २.८ अक्षरे येतो आणि प्रत्यक्ष बोलण्याच्या ४२ सेकंदांपुरता पाहिला तर सेकंदाला ४ अक्षरे. इथवर दोघे अगदी सारखे आहेत. आता पहिला बारा वेळा थांबला, दर वेळी सरासरी दीड सेकंद. दुसरा छत्तीस वेळा थांबला, दर वेळी अर्धा सेकंद. पहिल्याच्या एका दमात सरासरी तेरा अक्षरे येतात, दुसऱ्याच्या दमात साडेचारच. पहिला म्हणाला, “आमच्या गावच्या यात्रेला बैलगाड्यांच्या शर्यती असतात (विराम) आणि त्या बघायला शेजारच्या गावांतून माणसं येतात (विराम).” दुसरा म्हणाला, “आमच्या (विराम) गावच्या यात्रेला बैल (विराम) गाड्यांच्या शर्यती (विराम) असतात आणि त्या (विराम) बघायला…” दोन्ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. दुसऱ्याचा प्रत्येक थांबा छोटा आहे, पण तो अशा जागी पडतो जिथे ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत असतो. पहिल्याचा थांबा लांब असूनही जाणवत नाही, कारण तिथे वाक्यच संपलेले असते.

मातृभाषेत बोलणारा माणूस बहुधा वाक्याच्या किंवा उपवाक्याच्या सीमेवर थांबतो. नवी भाषा शिकणारा शब्द शोधण्यासाठी अध्येमध्येच थांबतो. हा फरक माणसाच्या कानाला नाव न देताही कळतो आणि यंत्रालाही मोजता येतो, त्यामुळे आपल्या दोन्ही परीक्षकांचे एकमत होणे स्वाभाविक होते. नेदरलँड्समध्ये कातिया कुकियारिनी, हेल्मर स्ट्रिक आणि लू बोव्हेस यांनी डच शिकणाऱ्यांच्या बोलण्यावर २००० आणि २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दिसले की वाचून दाखवलेल्या मजकुराच्या बाबतीत माणसांनी दिलेले गुण आणि यंत्राने मोजलेला वेग यांचे नाते फार घट्ट असते, तर आपल्या मनाने बोलताना ते नाते सैल पडते. आपल्या मनाने बोलणाऱ्याला विचारही करायचा असतो, शब्दही निवडायचे असतात, आणि ऐकणारा या दोन्हींचे माप आपोआप घेत असतो.

थांबा म्हणजे नेमके किती, हेही सांगून ठेवतो. पाव सेकंदापेक्षा लहान शांतता बहुतेक अभ्यासक विराम धरत नाहीत. लंडनच्या फ्रीडा गोल्डमन-आयस्लर यांनी १९६०च्या दशकात ही मर्यादा वापरली आणि ती पुढे रूढ झाली. त्याला कारण आहे. ‘पक्का’ म्हणताना जोडाक्षरापाशी हवा क्षणभर अडते आणि तेवढ्यापुरता आवाज बंद होतो. ती शांतता शब्दाचाच भाग आहे, ती अडखळणे म्हणून मोजली तर प्रत्येक ‘पक्का’, ‘चिठ्ठी’ आणि ‘पत्ता’ बोलणाऱ्याच्या खात्यावर चूक म्हणून जमा होईल.

आपल्यासाठी व्यवहारातली गोष्ट एवढीच की वेग थोडा कमी करावा आणि वाक्य मनात जुळल्यावर ते एका दमात म्हणण्याचा सराव करावा.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात संभाषण कौशल्याची २० गुणांची तोंडी परीक्षा झाली. तीन परीक्षक होते आणि चौथे गुण एका संगणकीय प्रणालीचे होते. एका मुलाला परीक्षकांनी १७, १६ आणि ११ दिले, प्रणालीने १८. एका मुलीला परीक्षकांनी १४, १५, १४ दिले, प्रणालीने ७. आम्ही चारांची सरासरी काढून निकाल लावला, पण मनाला पटले नाही. काय करायला हवे होते? (कराड)

उत्तर : आपल्या मनाला पटले नाही हे योग्यच झाले. या दोन विद्यार्थ्यांच्या बाबतीत सरासरीने नेमकी तीच माहिती पुसून टाकली, जी मिळवण्यासाठी आपण चार परीक्षक बसवले होते.

आपल्या पत्राच्या तळाशी आपण लिहिले आहे की ११ गुण देणाऱ्या परीक्षकांनी शेऱ्यात ‘पाठ केलेले’ असे लिहिले होते. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. आपल्या भागात वक्तृत्व स्पर्धांची मोठी परंपरा आहे आणि चौथीपासून मुले भाषणे पाठ करून म्हणतात. पाठ केलेल्या भाषणात विराम वाक्याच्या शेवटी पडतात, ‘अं’ नसतो, माघार नसते, वेग एकसारखा असतो. म्हणजे यंत्र ज्या ज्या खुणांवर गुण देते त्या सगळ्या तिथे भरगच्च असतात. विचारलेल्या प्रश्नाशी उत्तराचा संबंध आहे का, मध्येच एखादा प्रतिप्रश्न टाकला तर हा ओघ टिकतो का, हे त्या एका परीक्षकाने जोखले आणि बाकी दोघांनी बहुधा जोखले नाही. चारांची सरासरी १५.५ आली असेल. त्या मुलाच्या खऱ्या कुवतीबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

मुलीचे प्रकरण उलट आहे आणि मला ते अधिक गंभीर वाटते. तीन माणसे जवळजवळ एकाच आकड्यावर आली असताना यंत्र त्याच्या निम्म्यावर उतरले, याचा अर्थ यंत्राच्या कानात काहीतरी वेगळे गेले. मी स्वतः अशी काही ध्वनिमुद्रणे ऐकली आहेत. एका मुद्रणात मुलीचा आवाज मुळात मऊ होता आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो खाली जात होता. ‘गेलो होतो’ मधला ‘होतो’ खोलीत बसलेल्या माणसाला ऐकू येई, पण आवाजाची पातळी ठरावीक रेषेखाली गेल्यामुळे यंत्र तिथे शांतता मांडत होते. पडद्यावरच्या आलेखात तिच्या बोलण्याला जागोजागी भोके पडलेली दिसत होती आणि त्या प्रत्येक भोकात एक शब्द होता. आपल्या विद्यार्थिनीचे मुद्रण अजून ठेवलेले असेल तर कृपया ते पुन्हा ऐकावे आणि गरज पडल्यास निकाल दुरुस्त करावा.

आता एकत्र करण्याच्या पद्धतीविषयी. अनेकांचे मत घेण्यामागे एक जुना आणि भक्कम हिशेब आहे. १९१० साली स्पिअरमन आणि ब्राउन या दोन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या सूत्राप्रमाणे, एका परीक्षकाच्या गुणांची विश्वसनीयता (गुणांवर किती भरवसा ठेवता येतो याचे ० ते १ मधले माप) ०.६ असेल तर तशाच दोन परीक्षकांच्या सरासरीची ०.७५ होते, तिघांची सुमारे ०.८२ आणि पाचांची सुमारे ०.८८. दुसऱ्या परीक्षकाने जेवढा फायदा होतो तेवढा पाचव्याने होत नाही. या सूत्रात मात्र एक अट दडलेली आहे : प्रत्येकाच्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. तिन्ही परीक्षक एकाच खोलीत शेजारी बसून एकमेकांच्या कागदावर नजर टाकत असतील, तर ते तीन परीक्षक नसून एकच असतो. यंत्राचेही तसेच आहे. बहुतेक प्रणाली माणसांनी आधी दिलेल्या हजारो गुणांवरून शिकवलेल्या असतात, त्यामुळे त्या माणसांच्या आवडीनिवडी त्यांच्यात उतरलेल्या असतात. शिवाय यंत्र तेच मुद्रण दहा वेळा दिले तरी दहाही वेळा तोच आकडा देते, आणि ही स्थिरता पाहून आपण त्याला अचूक समजून बसतो. भिंतीवरचे घड्याळ रोज दहा मिनिटे पुढे असेल तर तेही स्थिरच असते.

गावच्या दूध संकलन केंद्रावर काय चालते ते आठवून पाहा. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) यंत्र काढते आणि त्यावरून दर लागतो, कारण डोळ्याने कोणाला फॅट कळत नाही. पण दूध यंत्रात घालण्याआधी केंद्रावरचा माणूस किटलीचे झाकण उघडून वास घेतो, आणि वास आंबट असेल तर फॅट कितीही चांगली असली तरी दूध परत जाते. वासाला काही गुण, फॅटला काही गुण आणि मग त्यांची सरासरी, असा विचार तिथे कोणी करत नाही. प्रत्येकाला त्याला कळते तेवढेच विचारले जाते.

बोलण्याच्या परीक्षेतही हीच वाटणी करावी असे माझे स्पष्ट मत आहे. विरामांची संख्या, त्यांची लांबी, एका दमातली अक्षरे, बोलण्याचा वेग हे यंत्राला विचारावे, कारण चाळिसावा विद्यार्थी ऐकताना माणसाचा कान थकलेला असतो आणि दुपारच्या जेवणानंतरचे गुण सकाळच्या गुणांशी जुळत नाहीत, हे परीक्षक म्हणून काम केलेल्या प्रत्येकाला मनोमन ठाऊक आहे. अतिशय उत्तम बोलणाऱ्यापाठोपाठ आलेल्या साधारण विद्यार्थ्याला उगीचच कमी गुण पडतात. यंत्राला आधीचा विद्यार्थी आठवत नाही. उलट, बोलणे विषयाला धरून आहे का, थांबा विचारासाठी होता की शब्द न सापडल्यामुळे, स्वतःला दुरुस्त करताना वाक्य सुधारले की बिघडले, हे माणसाला विचारावे.

इंग्रजीच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय परीक्षांनी वेगवेगळे मार्ग धरले आहेत. आयईएलटीएसमध्ये प्रशिक्षित परीक्षक समोरासमोर ११ ते १४ मिनिटे बोलतो. २००९ साली सुरू झालेल्या पीटीई अ‍ॅकॅडेमिकने यंत्राकडून गुण देण्याचा मार्ग धरला. टोफेलने ऑगस्ट २०१९ पासून बोलण्याच्या विभागात माणसाचे गुण आणि ‘स्पीचरेटर’ या प्रणालीचे गुण एकत्र करायला सुरुवात केली. मला सर्वांत उद्बोधक वाटते ते मात्र भारतातच झालेले काम. ‘अ‍ॅस्पायरिंग माइंड्स’ या कंपनीच्या संशोधकांनी २०१५ साली मांडलेल्या पद्धतीत अडचण नेमकी ओळखलेली होती : उत्स्फूर्त इंग्रजी बोलणे यंत्राला नीट उतरवून घेता येत नव्हते आणि चुकीच्या उताऱ्यावरून काढलेली सगळी मापेही चुकत होती. त्यांनी उतरवून घेण्याचे काम इंटरनेटवरून अनेक माणसांना दिले, त्यांचे उतारे जुळवून सुमारे ९५ टक्के अचूक मजकूर मिळवला, त्याच माणसांकडून गुणही घेतले आणि मग तो मजकूर ध्वनीवर बसवून विराम, वेग आणि उच्चार यंत्राकडून मोजून घेतले. भारत आणि फिलिपिन्समधील ५६६ जणांच्या बोलण्यावर ही पद्धत तपासली तेव्हा ती तज्ज्ञांच्या गुणांच्या चांगलीच जवळ गेली. या पद्धतीत माणूस आणि यंत्र शेवटी गुणांच्या तक्त्यावर भेटत नाहीत. माणसाने ऐकलेले शब्द यंत्राच्या मोजमापाचा पाया होतात.

आपल्या महाविद्यालयाला एवढे करायची गरज नाही. पुढच्या परीक्षेत तीन गोष्टी पाळल्या तरी बरेच साधेल. परीक्षकांनी आपले गुण लिहून बंद केल्याशिवाय यंत्राचा आकडा त्यांना दाखवू नये, कारण १८ हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की ११ लिहायला हात धजावत नाही. परीक्षेआधी सर्वांनी मिळून दहा नमुना मुद्रणे ऐकावीत, त्यांना गुण द्यावेत आणि फरकांवर बोलावे, म्हणजे कोण कडक आणि कोण सैल हे उघड होईल. आणि माणूस व यंत्र यांच्यात किंवा परीक्षकांच्या आपसांत चारहून अधिक गुणांचा फरक पडला, तर सरासरी न काढता ते मुद्रण आधीचे गुण न सांगता आणखी एका व्यक्तीला ऐकवावे. ही चारची मर्यादा परीक्षेआधी ठरवून लिहून ठेवावी. निकाल पाहून ठरवलेली मर्यादा कोणाच्या तरी सोयीची होते.

प्रश्न : माझा मुलगा घरी आणि शाळेतही ‘व्हय’, ‘नव्हं’, ‘म्या गेल्तो’ असेच बोलतो. गप्पा मारायला लागला तर थांबत नाही. अशा परीक्षेत यंत्र त्याला नापास करेल का? (दहिवडी, ता. माण)

उत्तर : आपला मुलगा ओघवता बोलतो, हे आपणच एका वाक्यात लिहिले आहे. ‘गेल्तो’ म्हणणे आणि ओघ नसणे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

भीती मात्र निराधार नाही. बोलणे शब्दांत उतरवून घेणाऱ्या प्रणाली ज्या आवाजांवर शिकलेल्या असतात त्याच आवाजांना चांगले ओळखतात. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या बोलणाऱ्यांच्या शंभर शब्दांत सरासरी १९ चुका झाल्या आणि कृष्णवर्णीयांच्या शंभरात ३५. माणदेशी बोलीची पुरेशी मुद्रणे न ऐकलेल्या यंत्राने ‘म्या गेल्तो’चे भलतेच काही उतरवले, तर त्या उताऱ्यावरून काढलेला ओघही भलताच येईल. उलटही घडते. काही प्रणाली उतारा स्वच्छ दिसावा म्हणून ‘अं’, अर्धवट शब्द आणि पुनरुक्ती गाळून टाकतात. लेखनिकाला ते सोयीचे असते, पण ओघ मोजणाऱ्याच्या हातून मोजायची वस्तूच जाते.

यातून एक चांगली वाट निघते. शब्द न ओळखता, फक्त आवाजाच्या चढउतारावरून विराम आणि उच्चारलेली अक्षरे मोजणाऱ्या पद्धती आहेत. त्यांना ‘होय’ आणि ‘व्हय’ यांतला फरक कळतच नाही, आणि इथे ते न कळणे हिताचे आहे. मराठीत तर लिहिलेल्या अक्षरांवरून मोजणे मुळातच धोक्याचे : ‘सांगली’ लिहायला तीन अक्षरे, बोलताना सांग-ली अशी दोनच, ‘सातारकर’ लिहायला पाच, बोलताना सा-तार-कर अशी तीन. कानाने मोजणारी पद्धत इथे कागदावरून मोजणाऱ्या पद्धतीपेक्षा खरी ठरते.

या पद्धतीलाही आपल्याकडची एक लकब चकवते. आपल्या भागात गोष्ट सांगताना शेवटचा स्वर लांबवतात, “मग आम्ही गेलोऽऽ, तर तिथं कोणच न्हाई”. कधी ते रंगत आणण्यासाठी असते, कधी पुढचा शब्द शोधण्यासाठी. यंत्राला दोन्ही वेळा नुसता आवाज चालू असलेला दिसतो. गोष्ट ऐकत मोठा झालेला परीक्षक ते क्षणात ओळखतो, आणि म्हणून परीक्षकांत त्या मुलखातले एक माणूस असावे असा आग्रह पालकांनी धरावा. शिकलेल्या कानालाही ‘व्हय’ ऐकताच गुण कापायची सवय असते, हे विसरू नये. गुणपत्रिकेत प्रमाण भाषेचा रकाना वेगळा आणि ओघाचा वेगळा असेल तर ती सवय निदान दिसून येते.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. ती तोतरी बोलते. तोंडी परीक्षा संगणकावर होणार असे कळल्यापासून ती जेवत नाही. (वाई)

उत्तर : ताई, सर्वांत आधी शाळेला लेखी कळवावे की मुलीला तोतरेपणा आहे आणि तिचे ओघाचे गुण यंत्राकडून काढू नयेत. तोतरेपणात शब्द तोंडाशी येऊन अडतो. काय बोलायचे ते तिला पक्के ठाऊक असते, आवाज सुटत नसतो. यंत्राला ती अडलेली घडी आणि शब्द न सुचलेल्या माणसाची शांतता सारखीच दिसते. त्याच्या आकड्याचा तिच्या भाषेच्या ज्ञानाशी काही संबंध नाही. असे बोलणे दिवसागणिक आणि माणसागणिक कमीजास्त होते, त्यामुळे एका दिवसाच्या एका मुद्रणावरून तर काहीच ठरवू नये. परीक्षकाने तिला हवा तेवढा वेळ द्यावा, तिचा शब्द स्वतः पूर्ण करू नये आणि ती काय सांगते आहे तेवढ्यावर गुण द्यावेत.

वाचा उपचारतज्ज्ञ तोतरेपणा मोजतात तो वेगळ्या कारणासाठी. शंभर अक्षरांत किती अडली हे ते पाहतात, म्हणजे उपचाराने फरक पडतो का ते कळते. मुंबईला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत हे काम होते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातूनही वाचा उपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागता येते. मुलीला सांगावे की तिचे अडणे ही तिची चूक नाही आणि परीक्षेत तिने ते लपवायचे नाही.

प्रश्न : आमच्या शाळेला महागडी प्रणाली परवडणार नाही. साध्या संगणकावर काही करता येईल का, आणि मुद्रण कसे करावे? (तासगाव)

उत्तर : येईल. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेला ‘प्राट’ हा आवाज तपासण्याचा संगणक-कार्यक्रम विनामूल्य मिळतो आणि जुन्या संगणकावरही चालतो. निव्या दे योंग आणि टोन वेम्पे यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेली एक छोटी आज्ञावली त्यात घातली की ती आवाजातली स्वरांची शिखरे शोधून उच्चारलेली अक्षरे आणि विराम मोजून देते. मराठी येत नसतानाही ती मराठीवर काम करते, कारण ती शब्द वाचतच नाही.

यश बहुतेक वेळा मुद्रणावर ठरते. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, टेबलावर कापडाची घडी घालून ठेवावा. पंखा बंद करावा. फाइल शक्य तर न दाबलेल्या स्वरूपात, म्हणजे वेव्ह स्वरूपात ठेवावी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवू नये. वेळही जपावी. गळीत हंगामात एका शाळेत मी मुद्रणे घेत होतो, रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून गेला. त्या वेळी बोलत असलेला मुलगा चांगलाच अडखळत होता, पण त्याच्या विरामांत गाणे भरले गेले आणि प्राटने तो जवळजवळ न थांबता बोलला असे दाखवले. माझ्याजवळ कागदावरच्या खुणा नसत्या तर तो वर्गात पहिला आला असता. तेव्हापासून मी मुद्रणाच्या नोंदवहीत विद्यार्थ्याच्या क्रमांकापुढे ‘बाहेरचा आवाज’ असा एक रकाना ठेवतो, आणि त्या रकान्यात काही लिहिलेले असेल तर ते मुद्रण यंत्राला देण्याआधी स्वतः ऐकतो किंवा मुलाला पुन्हा बोलावतो.